प्रथिन कशाचं करायचं?

अमेरिकेतल्या शाळांमध्ये ‘सायन्स ऑलिंपियाड’ नावाची स्पर्धा १९८४ पासून राष्ट्रीय पातळीवर चालते. तिच्यातले प्रकार अधूनमधून बदलतात. ज्या वर्षी यादीत ‘प्रोटीन मॉडेलिंग’ असतं, त्या वर्षी आमच्या न्यू जर्सीच्या घरातलं जेवणाचं टेबल महिनोन्महिने जेवायला मिळत नाही. त्यावर बारा गेजच्या विजेच्या तारेची वेटोळी येतात, रंगीत पाइप क्लीनर येतात, तरंगण्यासाठी तलावात नेतात त्या फोमच्या लांब नळ्या येतात, धोब्याकडून आलेले तारेचे हँगरही येतात. नववी-दहावीतली पोरं त्याभोवती उभी राहतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, “काकू, कशाचं करायचं?”

मी पुण्यात रसायनशास्त्र शिकले, इथे औषधांच्या संशोधनात नोकरी केली आणि निवृत्त झाल्यापासून जवळच्या हायस्कूलच्या चमूला मदत करते. मुलांच्या या प्रश्नाचं उत्तर मी लगेच देत नाही. ज्यांनी प्रथिनाचा आकार जगाला पहिल्यांदा दाखवला, त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. त्यांच्या हाताला जो पदार्थ लागला, त्याने त्यांना काय दिसेल आणि काय झाकलेलं राहील हे बऱ्याच अंशी ठरवलं. आजच्या मुलाने तार उचलली किंवा फोम उचलला, की तोही नकळत त्या जुन्या वादात एक बाजू घेत असतो. म्हणून आधी त्याला तो वाद माहीत असावा, असं मला वाटतं.

स्पर्धेचं स्वरूप थोडक्यात सांगते. नेमून दिलेल्या प्रथिनाचा एक भाग मुलांनी घरी बनवून आणायचा, दुसरा भाग स्पर्धेच्या ठिकाणी परीक्षकांसमोर घडवायचा आणि शिवाय लेखी परीक्षा द्यायची. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एकसलग साखळी. ती विशिष्ट ठिकाणी वळते, गुंडाळते, स्वतःवरच घडी घालते, आणि तिचं काम त्या घडीवर अवलंबून असतं. मॉडेलमध्ये दाखवायचा असतो साखळीचा फक्त कणा, एका अमिनो आम्लाला २ सेंटिमीटर या मापाने. खऱ्या रेणूत लागोपाठच्या दोन अमिनो आम्लांच्या मधल्या कार्बन अणूंत ३.८ अँगस्ट्रॉमचं अंतर असतं. म्हणजे मुलं रेणूला साधारण पाच कोटी पट मोठा करतात. या मापात दहा अमिनो आम्लांचं मळसूत्र घडवायला २० सेंटिमीटर तार लागते, आणि गुंडाळून झाल्यावर ते मळसूत्र जेमतेम ८ सेंटिमीटर लांब उरतं. एका वेढ्यात ३.६ अमिनो आम्लं, म्हणजे ७.२ सेंटिमीटर तार. वेढ्याची रुंदी दोनेक सेंटिमीटर. हे आकडे मी मुलांना पहिल्याच दिवशी वहीत लिहायला लावते, कारण पदार्थाची निवड निम्मी इथेच होते. ज्या फोमच्या नळीची जाडीच दोन सेंटिमीटर आहे, ती दोन सेंटिमीटरच्या वेढ्यात बसणार कशी?

आता जुनी गोष्ट. रंगांपासून सुरू करते, कारण त्यांची गोष्ट सगळ्यात जुनी आहे. १८६५ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ऑगस्ट विल्हेल्म फॉन हॉफमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने व्याख्यान दिलं. अणू दाखवायला त्याने हिरवळीवरच्या क्रोके या खेळाचे लाकडी चेंडू रंगवून आणले होते. कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, नायट्रोजन निळा, ऑक्सिजन लाल, क्लोरीन हिरवा. हे रंग आजपर्यंत टिकले. आमच्या स्पर्धेत साखळीच्या सुरुवातीच्या टोकाला निळी टोपी घालतात, कारण तिथे नायट्रोजनचा गट असतो, आणि शेवटच्या टोकाला लाल, कारण तिथे ऑक्सिजनवाला आम्लगट असतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या खेळातल्या चेंडूंचे रंग न्यू जर्सीतल्या मुलांच्या हातात अजून फिरत आहेत, याचा मला दर वेळी मनापासून आनंद होतो.

खेळण्यांशी असलेलं हे नातं पुढेही तुटलेलं नाही.

पण त्याआधी कागद. १९४८ च्या वसंतात लिनस पॉलिंग ऑक्सफर्डला पाहुणा प्राध्यापक म्हणून आला होता आणि सर्दीने अंथरुणाला खिळला होता. पडल्या पडल्या रहस्यकथा वाचून कंटाळा आल्यावर त्याने एका कागदावर अमिनो आम्लांची साखळी काढली आणि कागदाला घड्या घालायला सुरुवात केली. दोन अमिनो आम्लांना जोडणारा बंध चपटा असतो, तो पिळला जात नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. घडी फक्त मधल्या कार्बनपाशी पडू शकते. तशा घड्या घालत गेल्यावर कागद गोल फिरत वर चढला आणि त्याला अल्फा हेलिक्स हे मळसूत्र सापडलं. रॉबर्ट कोरी आणि हर्मन ब्रॅन्सन यांच्याबरोबर त्याने ते १९५१ साली प्रसिद्ध केलं. केंब्रिजमध्ये लॉरेन्स ब्रॅग, जॉन केंड्र्यू आणि मॅक्स पेरुत्झ यांनी आदल्याच वर्षी मळसूत्राचे निरनिराळे पर्याय मांडले होते, पण त्यांनी तो बंध चपटा धरला नव्हता, आणि एका वेढ्यात पूर्णांकातच अमिनो आम्लं बसली पाहिजेत असं गृहीत धरलं होतं. पॉलिंगच्या कागदाला पूर्णांकाची फिकीर नव्हती आणि चपटेपणा तर कागदाच्या अंगातच होता. अमुक एक पदार्थ माणसाच्या तर्काला मदत कशी करतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

त्याच लेखातली एक गोष्ट मात्र मी मुलांना आवर्जून दाखवते. पॉलिंगच्या लेखातल्या आकृतीत मळसूत्र डाव्या पिळाचं काढलेलं आहे. प्रथिनांमध्ये आढळतं ते उजव्या पिळाचं. कागद दोन्हीकडे सारखाच वळतो, तो काही सांगत नाही. तारही सांगत नाही. उजव्या हाताचा अंगठा वर करून मूठ वळवायची, बोटं ज्या बाजूला वळतात त्या बाजूला फिरत साखळी अंगठ्याच्या दिशेने चढली पाहिजे. साध्या स्क्रूचे आटे असेच असतात. डावखुरी मुलं तार सहज उलटी गुंडाळतात, आणि एकदा सगळं मॉडेल घडल्यावर एकच मळसूत्र उलगडून पुन्हा गुंडाळणं हे फार जिकिरीचं काम आहे. पदार्थ निवडताना तो किती वेळा वाकवून सरळ करता येतो, हे म्हणूनच पाहायचं. तांबं वारंवार वाकवलं की कडक होत जातं आणि शेवटी मोडतं.

खऱ्या प्रथिनाचं पहिलं मॉडेल झालं प्लॅस्टिसिनचं. शाळेतल्या मुलांनी हत्ती-घोडे करायची ही माती इंग्लंडमधल्या बाथ गावच्या विल्यम हार्बट या कलाशिक्षकाने १८९७ साली शोधली. साठ वर्षांनी केंड्र्यूने ती केंब्रिजच्या प्रयोगशाळेत वापरली. त्याचं प्रथिन होतं स्पर्म व्हेल या देवमाशाच्या स्नायूतलं मायोग्लोबिन. देवमासा खोल बुडी मारून बराच वेळ पाण्याखाली राहतो, त्यासाठी लागणारा ऑक्सिजन त्याचे स्नायू मायोग्लोबिनमध्ये साठवतात, म्हणून ते तिथे विपुल मिळतं आणि त्याचे स्फटिकही मोठे होतात. १९५७ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने जे चित्र मिळालं, त्यात ६ अँगस्ट्रॉमपेक्षा बारीक काही दिसत नव्हतं. अणू तर नाहीतच, मळसूत्राचे वेढेही नाहीत. दिसत होते फक्त जाड दांडे. केंड्र्यूने मातीच्या वळकट्या केल्या, त्या लाकडी काड्यांवर तोलल्या, मधे ऑक्सिजन धरणाऱ्या हीम या गटाचा चपटा तुकडा बसवला. ‘नेचर’च्या मार्च १९५८ च्या अंकात त्याचा फोटो आला. सगळ्यांना नीटनेटकी, समतोल रचना अपेक्षित होती. हाती आला एक वेडावाकडा गुंता. पोटातल्या आतड्यांची आठवण करून देणारी ही ओबडधोबड वस्तूच का शेवटी सत्य म्हणून समोर यावी, अशी खंत खुद्द पेरुत्झने बोलून दाखवली होती.

मला ते मॉडेल सुंदर वाटतं. केंड्र्यूला जेवढं माहीत होतं, तेवढंच त्या मातीने सांगितलं. त्याने बारीक तार घेऊन वेढे काढले असते, तर पाहणाऱ्याला वाटलं असतं की ते वेढे त्याला दिसले आहेत. जाड, ठोकळ माती घेतल्यामुळे तसा भास झाला नाही. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये ते मॉडेल जपून ठेवलेलं आहे.

दोन-तीन वर्षांत चित्र सुधारलं, २ अँगस्ट्रॉमपर्यंत पोचलं, आणि माती एकदम निरुपयोगी झाली. आता साखळीतले अणूंचे गट ओळखू येत होते. त्यांची जागा दाखवायला केंड्र्यूच्या गटाने सुमारे अडीच हजार उभ्या सळया एका चौकटीत रोवल्या, प्रत्येक सळई सहा फुटांची. माप होतं एका अँगस्ट्रॉमला ५ सेंटिमीटर, म्हणजे आमच्या मुलांच्या मॉडेलच्या जवळजवळ साडेनऊ पट. सळयांवर जिथे इलेक्ट्रॉनांची दाटी जास्त, तिथे रंगीत क्लिपा लावल्या, आणि त्या क्लिपा होत्या मेकॅनोच्या. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९०१ साली पेटंट घेतलेलं हेच ते लोखंडी पट्ट्या आणि नटबोल्टांचं खेळणं. क्लिपांच्या रंगांचा माग काढत सळयांच्या मधून साखळी ओवायची. या रचनेला ‘सळयांचं अरण्य’ म्हणत, आणि ते नाव सार्थ होतं, कारण आतलं काही बाहेरून नीट दिसत नसे आणि हात घालायचा तर चारी बाजूंनी सळया. या मॉडेलने सगळ्यात जास्त माहिती दिली आणि ती पाहणं सगळ्यात अवघड करून ठेवलं. मायोग्लोबिनमध्ये १५३ अमिनो आम्लं आहेत आणि आठ मळसूत्रं. आमच्या मापाने ते करायला तीन मीटरहून थोडी जास्त तार लागते आणि घडी पूर्ण झाल्यावर ते वीतभर जागेत मावतं.

त्याच सुमारास पेरुत्झचं हिमोग्लोबिन वेगळ्या वाटेने गेलं. त्याचं चित्र ५.५ अँगस्ट्रॉमपर्यंतच आलं होतं. त्याने भट्टीत तापवल्यावर घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकचे पापुद्रे नकाशातल्या घनतेच्या रेषांप्रमाणे कापले, एकावर एक रचले आणि भाजून पक्के केले. दोन साखळ्या पांढऱ्या, दोन काळ्या. १९६० साली ते मॉडेल पाहताच जी गोष्ट डोळ्यांत भरली, ती म्हणजे या चारही साखळ्यांची घडी देवमाशाच्या मायोग्लोबिनसारखी आहे. एक घोड्याच्या रक्तातलं प्रथिन, एक समुद्रातल्या प्राण्याच्या स्नायूतलं, आणि घडी तीच. अणू न दाखवणाऱ्या ढोबळ प्लॅस्टिकने हे नातं उघड केलं. १९६२ चं रसायनशास्त्राचं नोबेल केंड्र्यू आणि पेरुत्झ यांना मिळून मिळालं.

साठच्या दशकात या कामात स्थिरावली ती पितळ. अणूंचे सांगाडे दाखवणाऱ्या बारीक पितळी काड्या आणि त्यांना जोडणारे छोटे स्क्रू, एका अँगस्ट्रॉमला २ सेंटिमीटर, हे ‘केंड्र्यू मॉडेल’ जगभरच्या प्रयोगशाळांत गेलं. अंड्याच्या पांढऱ्या बलकातल्या लायसोझाइमची रचना डेव्हिड फिलिप्सच्या गटाने १९६५ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्येच उलगडली. त्याच्या १२९ अमिनो आम्लांच्या मॉडेलमध्ये एक खोल खाच होती, आणि जिवाणूच्या कवचातली शर्करेची साखळी त्या खाचेत बसते, हे मॉडेलवरून समजलं. पितळेचा दोष तिच्या वजनात. रेणूला स्वतःचं वजन पेलावं लागत नाही, पितळेच्या मॉडेलला पेलावं लागतं. मोठी मॉडेलं हळूहळू झुकत, स्क्रू सैल होत. येल विद्यापीठातल्या फ्रेड रिचर्ड्सने १९६८ साली अर्धपारदर्शक आरसा मधे ठेवून एका बाजूला पारदर्शक तावांवर काढलेला घनतेचा नकाशा आणि दुसऱ्या बाजूला पितळी मॉडेल अशी जोडणी केली. आरशात दोन्ही एकमेकांवर पडत आणि काड्या नकाशाला जुळवून बसवता येत. पुढची काही वर्षं कित्येक प्रथिनांची मॉडेलं अशा ‘रिचर्ड्स पेटी’त तयार झाली.

इथे मद्रासचा उल्लेख करायलाच हवा. गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन १९५२ मध्ये मद्रास विद्यापीठात आले, आणि शेजारच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतून मिळालेल्या कांगारूच्या शेपटीतल्या कोलॅजेन या प्रथिनावर गोपीनाथ कर्ता यांच्याबरोबर काम करून १९५४ साली त्यांनी कोलॅजेनची तीन साखळ्यांची रचना मांडली. तीत अणू फार जवळ आले आहेत, असा आक्षेप घेतला गेला. मग दोन अणू किती जवळ येऊ शकतात, याचाच त्यांनी मुळातून अभ्यास केला आणि १९६३ मध्ये रामकृष्णन व शशिशेखरन यांच्यासह साखळीच्या वळणांचा तो नकाशा प्रसिद्ध केला, जो आज जगातला प्रत्येक जीवरसायनशास्त्राचा विद्यार्थी रामचंद्रन यांच्या नावाने ओळखतो. साखळी कोणत्या कोनात वळू शकते आणि कोणत्या कोनात मुळीच नाही, हे तो सांगतो. तारेला अशी कोणतीच मनाई नसते, ती हवी तशी वाकते. हा तिचा सगळ्यात मोठा खोटेपणा आहे आणि मुलांनी तो ओळखून तार हातात घ्यावी.

तरीही माझा कौल तारेलाच आहे, आणि त्यामागे एक घटना आहे.

सत्तरच्या दशकात बायरन रुबिन या स्फटिकशास्त्रज्ञाने तार वाकवायचं एक छोटं यंत्र केलं. रेणूतल्या अणूंच्या जागांवरून कोन काढायचे, ते यंत्रावर लावायचे, तार एकेक पाऊल पुढे सरकवायची, फिरवायची, वाकवायची. अणू नाहीत, बाजूच्या शाखा नाहीत, फक्त कणा. तयार झालेलं प्रथिन तळहातावर मावे आणि पिशवीत घालून प्रवासाला नेता येई. पितळेच्या बाबतीत हे स्वप्नातही शक्य नव्हतं. त्या दशकाच्या मध्यावर एका परिषदेला डेव्हिड डेव्हिस हे प्रतिपिंडाच्या एका तुकड्याचं तारेचं मॉडेल घेऊन आले, आणि जेन व डेव्हिड रिचर्डसन हे दांपत्य सुपरऑक्साइड डिसम्युटेजचं. एक प्रथिन रोगजंतूंना पकडणारं, दुसरं ऑक्सिजनच्या घातक रूपाचा निचरा करणारं. अमिनो आम्लांच्या क्रमात फारसं साम्य नाही. दोन्ही मॉडेलं शेजारी धरून फिरवून पाहिल्यावर लक्षात आलं की दोघांची घडी एकच आहे. एकमेकांशी संबंध न दिसणाऱ्या प्रथिनांत ही घडी पुन्हा पुन्हा येते, हे तिथे पहिल्यांदा ओळखलं गेलं. सळयांच्या अरण्यात हे कोणाच्या ध्यानात आलं असतं असं मला वाटत नाही. तारेने बाकी सगळं गाळलं म्हणून घडी दिसली.

जेन रिचर्डसन यांच्याबद्दल मुलांना सांगताना मी जरा जास्तच रेंगाळते. त्या आमच्याच न्यू जर्सीतल्या टीनेक गावच्या, जन्म १९४१ चा. शाळेत असताना स्पुटनिक आकाशात पाहून त्यांनी स्वतःच्या निरीक्षणांवरून त्याची कक्षा काढली, आणि १९५८ च्या वेस्टिंगहाउस विज्ञान स्पर्धेत देशात तिसऱ्या आल्या. पुढे १९८१ मध्ये त्यांनी प्रथिनांच्या घड्यांचं सविस्तर वर्गीकरण प्रसिद्ध केलं. त्यासाठी हाताने काढलेल्या फितींच्या आकृत्यांत मळसूत्र म्हणजे गुंडाळलेली फीत आणि साखळीचा न गुंडाळलेला, ताणलेला पट्टा म्हणजे टोकाला बाण असलेली फीत. आज कुठल्याही पाठ्यपुस्तकात, औषधाच्या कुठल्याही जाहिरातीत प्रथिन दिसतं ते याच रूपात. शालेय विज्ञान स्पर्धेतली एक मुलगी सगळ्या जगाची प्रथिनाकडे बघायची नजर घडवते, हे माझ्या टेबलाभोवतीच्या मुलींनी ऐकलंच पाहिजे.

दुसरी शेजारची गोष्ट म्हणजे प्रोटीन डेटा बँक. ती १९७१ मध्ये ब्रुकहेवनच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत सात रचनांनिशी सुरू झाली. आज तिच्यात दोन लाखांहून जास्त रचना आहेत आणि तिचं अमेरिकेतलं मुख्य घर आमच्या रटगर्स विद्यापीठात आहे. मुलं तिथूनच आपल्या प्रथिनाचे निर्देशांक उतरवून घेतात आणि ‘जेमॉल’सारख्या प्रोग्राममध्ये ते फिरवून बघतात. न्यू जर्सीच्या ऑलिंपियाडमध्ये हा प्रकार रुजवायला या बँकेतल्या मंडळींचा मोठा हातभार लागला.

पण शाळकरी मुलाच्या हातात प्रथिन देण्याचं मुख्य श्रेय मिलवॉकीला जातं. मिलवॉकी स्कूल ऑफ इंजिनिअरिंगमध्ये टिम हर्मन यांनी जैवरेणूंच्या मॉडेलचं केंद्र उभं केलं. तिथल्या त्रिमितीय छपाईच्या यंत्रांवर प्लास्टरच्या भुकटीतून आणि नायलॉनमधून रेणू छापायला सुरुवात झाली, शाळेतल्या मुलांच्या गटांना संशोधकांशी जोडून दिलं गेलं. मात्र मुलांनी स्वतः घडवायला त्यांनी निवडला तो मिनी-टूबर, म्हणजे मऊ फोममधून आरपार ओवलेली वाकणारी तार. नव्वदच्या दशकात अमेरिकेत ‘टूबर्स अँड झॉट्स’ नावाचं वाकवायच्या फोमच्या नळ्यांचं खेळणं मिळायचं, हे नाव त्याच घराण्यातलं. क्रोकेचे चेंडू, हार्बटची माती, मेकॅनोच्या क्लिपा, आणि आता हे. स्पर्धेच्या ठिकाणी मुलांना घडवायला हाच मिनी-टूबर देतात.

त्याचा गुण हा की तो बोटांना टोचत नाही, हातात ठरतो, परीक्षकाला दुरूनही दिसतो, आणि वीस वेळा सरळ करून पुन्हा वळवला तरी तक्रार करत नाही. दोष हा की फोमला जाडी आहे. मळसूत्राचे वेढे एकमेकांना खेटतात आणि मुलं जागा करायला ते ताणतात. त्याने एका वेढ्याचा ५.४ अँगस्ट्रॉमचा पल्ला, म्हणजे आमच्या मापात २.८ सेंटिमीटर, हा हा म्हणता चार सेंटिमीटरवर जातो. म्हणून सरावाला मी फोमच देते, आणि पट्टी जवळ ठेवायला सांगते.

घरी करायच्या मॉडेलला मात्र बारा गेजची एकसंध तांब्याची तार, वरच्या प्लॅस्टिकच्या आवरणासकट. आवरणामुळे रंग मिळतो आणि हात सरकत नाही. बारीक तारांची जुडी असलेली वायर घेऊ नये, ती आकार धरत नाही. हँगरची पोलादी तार वाकवली की थोडी मागे उसळते, त्यामुळे प्रत्येक कोन जास्त वाकवून अंदाजाने सोडावा लागतो, आणि शंभर अमिनो आम्लांच्या साखळीत ते अंदाज साचत जातात. पाइप क्लीनर छोट्या तुकड्याला छान, पण लांबीला मान टाकतात. ताणलेले पट्टे मुलं अनेकदा सरळ ठेवतात. खरं तर पाच अमिनो आम्लांच्या १० सेंटिमीटर तारेने साडेआठ-पावणेनऊ सेंटिमीटरच जागा घ्यायला हवी, म्हणजे तिला हलकी नागमोड हवी. तांब्याच्या तारेत ती चिमट्याने सहज येते, फोममध्ये येतच नाही.

आधारांचा प्रश्न उरतोच. मॉडेल गाडीतून जातं, परीक्षक ते उचलून फिरवतात. आधाराचे दुवे लावताना मी मुलांना अरविंद गुप्तांच्या काड्यापेटीच्या काड्यांची आठवण देते. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून ज्यांनी असंख्य मुलांना विज्ञान दिलं, ते गुप्ता सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून दाखवायचे की चौकोन डुगडुगतो आणि त्रिकोण हलत नाही. तारेच्या साखळीतही तीन बिंदू बांधले तर तो भाग पक्का होतो. दुवे पारदर्शक असावेत आणि जिथे खरा दुवा आहे, सल्फरचा पूल असो की धातूचा अणू, तिथला दुवा मात्र उठून दिसणारा असावा.

आता कोणी म्हणेल, हे सगळं छापून का घेऊ नये? शाळेत यंत्र आहे, निर्देशांक आहेत, एका रात्रीत बिनचूक प्रथिन तयार. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल तर प्रथिनांची घडी संगणकाने ओळखण्याच्या आणि नवी प्रथिनं रचण्याच्या कामाला मिळालं. या यशाबद्दल मला अतोनात आदर आहे. पण छापलेल्या मॉडेलमध्ये एकही वळण मुलाने ठरवलेलं नसतं. संगणकाच्या पडद्यावरचं मळसूत्र सतराव्या अमिनो आम्लाशी संपतं की एकोणिसाव्या, हे तार वाकवताना ठरवावंच लागतं, आणि ते ठरवायला मूल पुन्हा पडद्याकडे जातं, क्रम मोजतं, शेजाऱ्याशी भांडतं.

पहिल्या वर्षाच्या मुलांना मी म्हणून झिंक फिंगर करायला देते. ॲरन क्लुगच्या गटाने १९८५ मध्ये ओळखलेली ही डीएनएला पकडणारी छोटीशी घडी. अठ्ठावीसेक अमिनो आम्लं, ५६ सेंटिमीटर तार, दोन छोटे पट्टे आणि एक मळसूत्र. पट्ट्यांच्या बाजूला दोन सिस्टीन, मळसूत्रावर दोन हिस्टिडीन, आणि या चौघांनी मिळून धरलेला जस्ताचा एक अणू, त्यासाठी आम्ही एक मणी घेतो. घडी बरोबर पडली तर चौघंही मण्याकडे वळलेले असतात. एखादा हिस्टिडीन पाठ फिरवून उभा राहिला तर मी काही बोलत नाही. मळसूत्र उलट्या पिळाचं झालं आहे की वेढ्यात तीनच अमिनो आम्लं बसली आहेत, हे ती मुलं पट्टी घेऊन स्वतःच मोजायला लागतात.